व्हॅम्पायरला काय हवं असतं

थोरलीचा फोन नेमका जेवणाच्या सुट्टीत यायचा. दुसऱ्याचा घास तोंडाशी गेला की हिला बोलायची उबळ येते, असं धाकटी म्हणायची; अर्थात मनातल्या मनात. त्या दिवशीही डब्याचं झाकण निघालं आणि फोन वाजला.

“ऐक, सहाव्या भागात व्हॅम्पायर बाई घेऊ या,” थोरली म्हणाली. “पन्नाशीची, देखणी, वरवर प्रेमळ. तिच्या घरी एक अनाथ मुलगी राहायला येते. एवढं माझं झालंय. बाकीचं तू बघ. कार्ड कर, पहिली पाच प्रकरणं लिहून पाठव. मग मी हात फिरवते.”

“पण त्या बाईला हवंय काय?”

“ते तू शोध ना! मला व्याख्यानांतून मान वर करायला फुरसत नाही.”

फोन बंद. निरोप घ्यायची थोरलीला सवयच नव्हती. तिचं बोलून झालं की संभाषण संपलं, असा तिचा हिशेब. धाकटीने डब्याचं झाकण पुन्हा लावून टाकलं. भूक मेली होती.

थोरली म्हणजे धाकटीची सख्खी बहीण, तिच्याहून चार वर्षांनी मोठी, आणि व्हॅम्पायरांच्या कादंबऱ्यांची लेखिका. पाच भाग निघाले होते आणि पाचही भाग लोकांनी डोक्यावर घेतले होते. धाकटी त्या कादंबऱ्या छापणाऱ्या संस्थेत संपादक होती. खिडकीजवळ टेबल, टेबलावर प्रुफांची चळत, लाल पेन, आणि डोळ्यांत तेल घालून बसणं, हे तिचं बावीस वर्षांचं आयुष्य. थोरलीने ‘हात फिरवला’ म्हणजे काय व्हायचं, ते दोघींनाच ठाऊक होतं. तो हात मुखपृष्ठावर नावापुरता फिरायचा.

पहिल्या भागाचा पहिला खर्डा मात्र थोरलीने खरंच स्वतः लिहिला होता. त्यात किल्ला होता, वटवाघळं होती, आणि एक सरदार होता जो पानापानाला कुणाला तरी चावायचा. एकतीस माणसं मेली आणि वाचणाऱ्याला एकाचंही काही वाटलं नाही. धाकटीने तेव्हा विचारलं होतं, “ताई, हा का चावतो?”

“भूक लागते म्हणून.”

“मग तो वाघ झाला. व्हॅम्पायर कुठे झाला?”

आणि तिने जाड पुठ्ठ्याचं एक कार्ड घेऊन त्यावर चार प्रश्न लिहिले होते. याला काय हवंय? कशाची भीती आहे? हवं ते मिळवायला हा काय करतो? आणि स्वतःला काय समजतो? चारही रकाने भरल्याशिवाय पात्राने तोंड उघडायचं नाही, असा तिचा दंडक. सरदाराचं कार्ड भरताना तिला सापडलं की त्याला रक्त नकोच आहे मुळी. त्याला आरशात स्वतःचं रूप दिसत नाही, म्हणून दुसऱ्यांच्या डोळ्यांत ते सतत दिसायला हवंय. ज्या खोलीत कुणी आपल्याकडे बघत नाही, त्या खोलीची त्याला भीती आहे. मग तोच सरदार असा उभा राहिला की वाचणाऱ्यांना आपापले साहेब आणि सासरे आठवले.

दुसऱ्या भागातली विधवा पाहुण्यांचं रक्त रोज थोडं थोडंच प्यायची, एवढंच की त्यांना उठून जायची ताकद राहू नये. तिला एकटं पडायची धास्ती होती. तिसऱ्यातल्या कारकुनापुढे मूठभर मोहऱ्या सांडल्या की तो शिकार सोडून त्या मोजत बसायचा, पहाट होऊन जळून जाईपर्यंत. एका मनोविकारतज्ज्ञाने वर्तमानपत्रात लिहिलं की ही भुतंखेतं नव्हेत, हे स्वभावाचे आजार आहेत, ही माणसं माझ्या दवाखान्यातल्या बाकावर रोज येऊन बसतात, आणि ही लेखिका आधी त्यांचा हेतू शोधते, मग दात. झालं! तेव्हापासून थोरली तज्ज्ञ झाली. व्याख्यानात ती कार्ड उंच धरून दाखवायची आणि म्हणायची, “ही माझी पद्धत.” आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. बीळ खोदणारी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची.

पहिल्या भागात सरदार ज्याच्या त्याच्या दारात उभा राहून म्हणतो, “काही नको, नुसता भेटायला आलो.” ते वाक्य धाकटीचं. आत बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरा ओलांडता येत नाही. तेव्हा बोलावणं मिळवायला तो काय बोलेल, याचा तिने आठवडाभर विचार केला होता. ‘काही नको’ म्हणणाऱ्याला सगळंच हवं असतं, असं ती नवख्या लेखकांना शिकवायची. थोरली आता तेच वाक्य पुस्तकांवर सहीबरोबर लिहून देत होती.

हेही एक वेळ चाललं असतं. पण चौथ्या भागात थोरलीने एकदाच खराखुरा हात फिरवला, आणि त्यात धाकटीचा संसार वापरला. धाकटीचा नवरा घर सोडून गेला तेव्हा दारात थांबून म्हणाला होता, “तुझ्याशी बोलताना मला सतत वाटतं, तू माझं वाक्य दुरुस्त करते आहेस.” मग विसरलेली छत्री घ्यायला परत आत आला आणि या खेपेला न बोलता गेला. हे धाकटीने रडत रडत फोनवर एकाच माणसाला सांगितलं होतं, फक्त बहिणीला. एकशे बाराव्या पानावर ते छत्रीसकट छापून आलं. त्या पानाचं प्रूफ धाकटीनेच तपासलं होतं. तिने तिथे एक स्वल्पविराम घातला आणि पान पुढे दिलं. त्या स्वल्पविरामासाठी तिने थोरलीला कधी माफ केलं नाही.

पण आता थोरलीला लेक हवी होती.

धाकटीची लेक एकोणीस वर्षांची. नवरा गेल्यापासून घरात दोघीच. लेक कॉलेजात जायची, वहीत काहीबाही लिहायची आणि ती वही टेबलाच्या खालच्या खणात ठेवायची. गेले तीन महिने ती दर रविवारी मावशीकडे जात होती, आणि मावशीने तिला सांगितलं होतं की कॉलेज सोड, माझ्या घरी राहायला ये, माझी मदतनीस हो, मी तुला लेखिका करते.

“मावशी म्हणते, माझ्यात काहीतरी आहे,” लेक एका संध्याकाळी म्हणाली होती.

“असणारच. असल्याशिवाय ती बोलावणार नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. तू काय ठरवलंस?”

“अजून नाही ठरवलं. सहाव्या भागाची प्रुफं मावशी मला वाचायला देणार आहे. ती वाचून झाली की सांगते म्हटलंय.”

लेक तिथे गेली तर काय होणार, हे धाकटी डोळे मिटून सांगू शकत होती. दहा वर्षांनी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारी आणखी एक बाई तयार होणार. समजावून सांगावं, तर ‘आईला मावशीचा मत्सर वाटतो’ हे उत्तर तयार होतं. आणि खोटं कशाला बोला, मत्सर होताच. तेव्हा सांगायचं नाही, दाखवायचं. लेक प्रुफं वाचणार ना? मग व्हॅम्पायर बाई म्हणून थोरलीलाच उभी करायची. तिची वाक्यं, तिचं हसू, तिची फोन बंद करायची रीत, सगळं जसंच्या तसं. लेक ओळखेल आणि जाणार नाही. थोरलीही ओळखेल, चवताळेल आणि कायमचे संबंध तोडून टाकेल. एका दगडात दोन पक्षी! किती दिवसांनी धाकटीला कामाचा असा उत्साह आला होता.

पुढच्या रविवारी ती लेकीबरोबर थोरलीकडे गेली. पिशवीत छोटी टिपणवही.

“ये, ये! विचारतेस काय, हे तुझंच घर आहे,” थोरलीने दार उघडत म्हटलं. धाकटीने काही विचारलंच नव्हतं. टेबलावर कॉफी मांडलेली होती, आणि थोरलीच्या खुर्चीवर तेवढी उशी.

नळ दुरुस्त करायला आलेला माणूस स्वयंपाकघरात वाकून काम करत होता. थोरलीने त्याच्याकडे हनुवटीने खूण केली. “बघितलंस? एकच नट चार वेळा घट्ट करून बघतो. आपल्या तिसऱ्या भागातला कारकून. ठार वेडा.”

“मावशी, नट सैल राहिला तर पाणी गळेल म्हणून बघत असेल तो,” लेक म्हणाली.

“चिमणे, तुला माणसं अजून कळत नाहीत. कळतील. मी आहे ना!” मग ती धाकटीकडे वळली. “आणि तू गं? किती ओढल्यासारखी दिसतेस! एकटेपणा वाईट. तुझ्यासारख्या माणसांना कुणाच्या तरी आधाराने राहायला लागतं. त्यालाही नाव आहे, माझ्या व्याख्यानात येतं ते. म्हणून तर मी तुला काम देत असते.”

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण वरवर तिने नुसती साखर मागितली. मग न्हाणीघरात जाऊन दाराला कडी लावली आणि उभ्याउभ्या सगळं लिहून काढलं: उशी, चिमणे, मी आहे ना, म्हणून तर मी तुला काम देते. परत आली तेव्हा थोरली लेकीच्या केसांतून हात फिरवत म्हणत होती, “तुझ्या वयात मी अगदी तुझ्यासारखी होते.” लेक मान न हलवता बसली होती. तेही धाकटीने मनात टिपून घेतलं.

कार्ड भरायला ती सोमवारी सकाळी बसली. तीन रकाने धावत भरले. काय हवंय? दुसऱ्याकडचं जे चांगलं असेल ते, आणि तो देतो म्हणून आभारही त्यानेच मानायला हवेत. काय करते? ही कुणाच्या दारात जात नाही, स्वतःच्याच घरात बोलावून घेते. स्वतःला काय समजते? दाता. लाल पेन नुसतं पळत होतं.

कशाची भीती, इथे मात्र पेन अडलं. थोरलीला कशाची भीती? टाळ्या थांबण्याची? छे, टाळ्या थांबल्या तर ती स्वतःच वाजवेल. म्हातारपणाची? तिला ते दुसऱ्यांना येतं असं वाटतं. तासभर धाकटी खिडकीबाहेर बघत बसली. पन्नास वर्षं जिच्या सावलीत काढली, तिला कशाची भीती वाटते हे तिला माहीत नव्हतं. आणि मग एकदम, एका झटक्यात वाक्य आलं: जिला आपण घडवलं, तिला एक दिवस आपली गरज उरणार नाही, याची.

वाक्य असं चोख उतरलं की धाकटी खूश झाली. एका झटक्यात आलेलं वाक्य कुठून आलं ते आधी तपासा, हा धडा ती बावीस वर्षं दुसऱ्यांना देत होती. त्या दिवशी तिने तपासलं नाही. उठून चहा करायला गेली.

प्रकरणं भराभर झाली. कादंबरीतली बाई अनाथ मुलीला चावत नव्हती. ती मुलीला काय आवडतं ते मुलीच्या आधी सांगायची. मुलीने वाक्य सुरू केलं की हळूच पुरं करायची. मुलीला पत्र आलं की आधी स्वतः वाचायची. मुलगी आजारी पडली की बाईच्या गालावर रंग चढायचा, कारण आता मुलीला तिच्यावाचून पाणीही घेता येणार नव्हतं. धाकटी लिहीत गेली आणि तिला कुठे शोधावं लागलं नाही, सगळं हाताशी असल्यासारखं येत गेलं.

अडलं ते मुलीपाशी. बाई जिवंत झाली होती, पण मुलगी कागदी राहिली होती. तिला आतून काय वाटतं? एकोणीस वर्षांच्या पोरीला अशा घरात नेमकं काय वाटत असेल? धाकटीला ते माहीत नव्हतं, ते लिहिलेलं कुठे आहे, हे मात्र माहीत होतं.

बुधवारी दुपारी लेक कॉलेजात असताना तिने खालचा खण उघडला. खणाला कुलूप नव्हतं. कुलूप असतं तर उघडला नसता, असं तिने स्वतःला सांगितलं. आणि वर हेही, की हे पोरीच्याच भल्यासाठी चाललंय, डॉक्टर नाही का उघडून बघत. वही निळ्या पुठ्ठ्याची. तिने उभ्यानेच वाचायला सुरुवात केली आणि मग लेकीच्या पलंगावर बसून वाचली.

‘ती माझ्यासाठी सगळं करते, म्हणून तिच्यावर रागावायचीही सोय नाही,’ लेकीने लिहिलं होतं. आणि खाली, दुसऱ्या तारखेला: ‘तिच्यासमोर मी मोठ्याने विचारसुद्धा करत नाही.’

धाकटीला हुंदकाच फुटला. म्हणजे पोरीला कळतंय तर! थोरली काय चीज आहे ते कळतंय, फक्त सुटता येत नाही. तिने दोन्ही वाक्यं टिपणवहीत उतरवून घेतली, वही होती तशी ठेवली, आणि संध्याकाळपर्यंत मुलीचं प्रकरण पुरं केलं. दोन्ही वाक्यं चौसष्टाव्या पानावर बसली. दुसऱ्यात तिने ‘सुद्धा’ काढून ‘ही’ घातलं. कानाला बरं लागत होतं.

पाचही प्रकरणांची प्रुफं काढून तिने थोरलीला पाठवली. थोरलीचा फोन आठवड्याने आला, अर्थात जेवणाच्या सुट्टीत. धाकटीने या खेपेला डबा आधीच बाजूला सारला होता. ती वाट बघत होती. आता आग बरसणार!

“झकास!” थोरली म्हणाली. “अगं, काय बाई उभी केलीयेस! मला हात फिरवायलाच जागा ठेवली नाहीस. मी एका बैठकीत वाचलं आणि मग, रागावू नकोस हं, मला तुझी दया आली.”

“माझी?”

“मग कुणाची? ही तूच आहेस ना. स्वतःला असं उघडं करायला धाडस लागतं. मी म्हणाले नव्हते, तुझ्यासारख्या माणसांचं नाव माझ्या व्याख्यानात येतं?”

“ताई,” धाकटीचा आवाज चढला, तसं कचेरीतल्या चार माना वळल्या. “ती तू आहेस! उशी तुझी आहे. ‘मी आहे ना’ हे तू म्हणतेस. ‘तुझंच घर आहे’ हे कोण म्हणतं? सगळं तुझ्या घरातून उतरवून घेतलंय मी!”

मग थोरली मनापासून, खळखळून हसली.

“मी? मी कुणाचं काय घेतलं गं कधी? सगळ्यांना देत तर आले. तुझं मन बरं नाही. विश्रांती घे. चिमणी इकडे आली की तुलाही जरा मोकळं होता येईल. प्रुफं तिच्याकडे पाठवलीत हं.”

फोन बंद. चोराच्या उलट्या बोंबा! धाकटीने फोन टेबलावर आपटला, पण मग तिला हसूही आलं. व्हॅम्पायरला आरशात दिसत नाही, हे पहिल्या भागातच लिहून ठेवलंय की आपण. या बाईपुढे आरसा धरण्यात काय अर्थ! लेकीला दिसेल. लेकीला दिसलं म्हणजे झालं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण तिला थोरलीसाठी इतकी चपखल वाटली की तिने ती सहाव्या प्रकरणासाठी लिहून ठेवली.

शनिवारी सकाळी लेक स्वयंपाकघरात आली ती प्रुफांचा गठ्ठा घेऊनच. धाकटी गॅसपाशी दूध तापवत होती. लेकीने गठ्ठा टेबलावर ठेवला आणि चौसष्टावं पान वर काढलं. दोन वाक्यांखाली पेन्सिलीची रेघ होती.

“आधी मला वाटलं, हे मावशीने चोरलं,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. “मग आठवलं, वही मी मावशीकडे कधी नेलीच नाही.”

धाकटीने गॅस बारीक केला. “मी तुझ्यासाठी...”

“माहितीये. माझ्यासाठी.” लेक खुर्चीवर बसली. “हे मी कुणाबद्दल लिहिलं होतं असं तुला वाटलं?”

“मावशीबद्दल. दुसरं कुणाबद्दल असणार!”

“मावशीसमोर मी मोठ्याने बोलते, आई. नळवाल्याबद्दल बोलले, तू होतीस तिथे. मावशी कशी आहे ते मला पहिल्याच रविवारी कळलं. ती घेते, पण उघडउघड घेते, आणि समोरच्याकडे बघतही नाही. तिच्यापासून पळता येतं.” तिने गठ्ठा उलटसुलट केला. “तू ही बाई इतकी खरी कशी लिहिलीस? मी आजारी पडले की तू रजा काढायचीस आणि गाणी गुणगुणत फिरायचीस, आठवतं? ते इथे आहे. माझं वाक्य पुरं करणं, ते आहे. तू पत्रं वाचतेस तेही आहे. मावशी कधी कुणाचं पत्र वाचते? तिला दुसऱ्याच्या पत्रात कशाला रस असेल!”

“तू सगळं उलटं समजलीस. मी हे तुला थांबवायला लिहिलं.”

“मी जाणारच नव्हते. मावशीला ‘येत नाही’ म्हणून चिठ्ठी लिहून ठेवली होती. तीही वहीतच होती, शेवटच्या पानावर. तेवढं वाचायचं राहिलं तुझं. तुला हवं ते मिळालं आणि तू वही मिटलीस.”

दूध उतू गेलं. दोघींपैकी कुणी हात लावला नाही. शेगडीवर जळका वास पसरला तेव्हा लेकीनेच उठून गॅस बंद केला.

“आणि एक सांग,” ती पाठमोरी राहून म्हणाली. “चौथ्या भागात, एकशे बाराव्या पानावर, बाबा ते दुरुस्तीचं वाक्य म्हणतात ना, छत्री घ्यायच्या आधी. कादंबरीत ते वाक्य तो माणूस कुणाला म्हणतो?”

धाकटीला उत्तर माहीत होतं. तिने ते पान तीनदा तपासलं होतं. तो माणूस ते वाक्य व्हॅम्पायरला म्हणतो.

“मावशीला तेवढं मात्र कळलं होतं,” लेक म्हणाली.

धाकटीने जे करायला नको तेच केलं. तिला इतकं लागलं, इतका संताप आला, की ती ओरडली, “मी तुला वाढवलं! एकटीने! तुझी वाक्यं मी पुरी केली नसती तर तुला बोलता तरी आलं असतं का?”

लेकीने वळून तिच्याकडे बघितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त बघत राहिली, आणि मग खोलीत जाऊन पिशवी भरायला लागली. कॉलेजजवळ दोन मैत्रिणींनी खोली घेतली होती, तिसरीची जागा रिकामी होती. ती मावशीकडे गेली नाही, आणि घरीही राहिली नाही. जाताना दारात थांबली नाही, आणि काही विसरलीही नाही, निळी वही सोडून. ती खणातच राहिली.

तीन आठवडे धाकटीने फोन केले. लेक उचलायची, बरी आहे म्हणायची आणि ठेवायची. मावशीपेक्षा सभ्यपणे, निरोप घेऊन. उरलेली प्रकरणं तिने रात्री जागून पुरी केली आणि सहावा भाग छापायला गेला. चौसष्टाव्या पानावरची दोन वाक्यं धाकटीने काढून टाकली. पण ती काढल्यावर मुलगी पुन्हा कागदी झाली आणि बाई तेवढी जिवंत राहिली. प्रकाशक म्हणाले, ही आतापर्यंतची सर्वांत भयानक व्हॅम्पायर आहे, तुमच्या बहिणीने कमाल केली. धाकटी हो म्हणाली.

रविवारी सकाळी तिने निळी वही कागदात गुंडाळली. उघडली नाही. खरंच नाही उघडली, हे तिने बसमध्ये स्वतःला दोनदा सांगितलं. तीन मजले चढून ती त्या खोलीच्या दारापाशी उभी राहिली. आत कुणीतरी हसत होतं. तो लेकीचा आवाज होता, मोठा आणि मोकळा. धाकटीने तो घरात असा कधी ऐकला नव्हता. तिने बेल दाबली आणि हसणं थांबलं.

लेकीने दार उघडलं. हात दारावरच होता. मागे पलंग दिसत होते, खुर्चीवर कपडे, खिडकीत उन्हाला ठेवलेले बूट. कार्ड करायला बसलं तर यावरूनच किती लिहिता येईल, हे धाकटीच्या डोक्यात येऊन गेलं, आणि तिला स्वतःची शिसारी आली.

ती थांबली. ‘ये आत’ एवढे दोनच शब्द तिला हवे होते. पाय पुढे टाकायला कुणी अडवलं नव्हतं, तरी तो उचलेना.

“काय हवंय तुला?” लेकीने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच ते जाणून घ्यायचं होतं.

सहा व्हॅम्पायरांच्या कार्डांवर धाकटीने हा पहिला रकाना भरला होता, आणि त्यासाठी तिला कधी दिवसापेक्षा जास्त लागला नव्हता. ती दारात उभी राहिली. जिन्यावरून कुणीतरी उतरत गेलं. लेक वाट बघत होती. वाक्य पुरं करून द्यायला ती आईसारखी पुढे आली नाही.

“काही नको गं,” धाकटी म्हणाली. “नुसती भेटायला आले.”

शब्द तोंडातून गेले आणि मग तिने ते ऐकले. लेकीने ते आधीच ओळखले होते. पहिला भाग तिला तोंडपाठ होता. तिने हात पुढे करून वही घेतली, “नीट जा, आई” म्हणाली, आणि दार हळूच लावून घेतलं.